दुसऱ्या पंगतीचं पाणी

नाशकात अशोकस्तंभाजवळच्या टपरीवर रात्री नऊनंतर आम्ही चौघं असतो. एक वकील, एक मिसळवाला (त्याला सगळे अण्णा म्हणतात), एक रिटायर्ड सर आणि मी. परवा भरपाईचा विषय निघाला तो माझ्या आत्यामुळे.

गंगापूर रोडच्या पुढे एका लॉन्सवर लग्न होतं. बुफे नव्हता, चक्क पंगती होत्या. जेवून आत्या हात धुवायला गेली आणि बेसिनपासून दोन पावलांवर घसरली. खाली काळा ग्रॅनाइट, तोंड दिसेल असा पॉलिश केलेला. बेसिनची जाळी भाताच्या शितांनी तुंबलेली, साबणाचं पाणी काठावरून खाली. 'फरशी ओली आहे' असा पिवळा बोर्डही होता, पण घडी घालून झाडूमागे ठेवलेला. उजवं मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. आत्या ब्लाउज शिवते. ऐन लग्नसराईत मशीन बंद.

"खाली बघून चालायला काय होतं?" सरांनी सुरुवातीलाच निकाल दिला. "आणि चप्पल नवी असणार."

चप्पल नवी होती, हे खरंच होतं. मी गप्प.

वकील म्हणाला, "चप्पल नवी म्हणून दावा उडत नाही, सर. तिचीही थोडी चूक ठरली तर भरपाईतून तेवढा वाटा कापतात, इतकंच."

अण्णा उखडला. "हे बरंय भो! रविवारी सकाळी माझ्याकडे तर्री सांडतेच. दर टेबलामागे फडकं घेऊन पोऱ्या उभा करू?"

"सांडली म्हणून कोणी तुला धरत नाही. सांडलेलं किती वेळ तसंच राहिलं, तुला कधी कळलं आणि कळल्यावर काय केलंस, हे विचारतात. आत्ता सांडलं आणि लगेच कोणी पडलं, तर तुझी बाजू बरी. तासभर तळं साचलंय आणि तू गल्ल्यावर, तर मग तुझं काही खरं नाही."

इथे मला बोलावंच लागलं. दुसऱ्या पंगतीलाच माझा पाय सरकला होता. मी मॅनेजरला सांगितलंही होतं. तो म्हणाला, "हो साहेब, पोरगा पाठवतो." आत्या पडली चौथ्या पंगतीनंतर.

वकिलाने चहाचा ग्लास खाली ठेवला. "अरे, हेच तर हवं असतं! मालकाच्या माणसाला माहीत होतं आणि हातात वेळही होता. यापलीकडे काय पाहिजे?"

"मग तू आत्याला का नाही सांगितलंस?" सरांनी विचारलं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

अण्णाने दुसरं टोक पकडलं. "पण पैसे भरले मुलीच्या बापाने. आत्या फुकट जेवली. ती कसली गिऱ्हाईक?"

प्रश्न बरोबर होता. मलाही तेच वाटत होतं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवा घेणाऱ्याच्या संमतीने तिचा लाभ घेणाराही ग्राहक धरलाय. पत्रिका देऊन बोलावलेला पाहुणा त्यात बसवता येतो, असं वकिलाचं म्हणणं. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. जिल्हा ग्राहक आयोगाची फी आपण किती मागतो त्यावर नसते, सेवेसाठी किती मोजले त्यावर असते. पाच लाखांपर्यंत शून्य. सर पहिल्यांदा सरसावून बसले. फुकट म्हटलं की सरांचा विरोध मावळतो, हा जुना अनुभव.

"तिथे भिंतीवर पाटी आहे," मी सांगितलं. "इजा झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही."

"पाट्या काय, लिफ्टमध्येही असतात. दिल्लीत एका बड्या हॉटेलात एकाने गाडीची किल्ली पार्किंगवाल्या पोराकडे दिली. मारुती झेन, १९९८ ची गोष्ट. गाडी चोरीला गेली. पावतीवर छापलेलं, गाडी मालकाच्या जोखमीवर. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हॉटेललाच जबाबदार धरलं. स्वतःचा निष्काळजीपणा पावतीवर छापून झटकता येत नाही."

१९९८ ची चोरी आणि निकाल २०१९ ला, हे ऐकून अण्णाला पुन्हा हुरूप आला. "एकवीस वर्षं! आत्याचं वय काय रे?"

वकिलाकडेही यावर उत्तर नव्हतं. म्हणून आधी नोटीस, असं तो म्हणाला. पुष्कळदा तिथेच मिटतं. शिवाय दुकान-हॉटेलच्या विम्यात असल्या जबाबदारीचं कलम घेता येतं, मालकाच्या खिशातूनच जाईल असं नाही. अण्णाने हळूच विचारलं, "हप्ता किती पडतो?"

मध्येच गप्पांची गाडी खड्ड्यांवर गेली. नाशकात ती जातेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलपायी मृत्यू झाल्यास सहा लाख, जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख द्या, असा आदेश दिला होता. सर म्हणाले, "मग गंगेवरच्या शेवाळाचे किती?" आम्ही हसलो. सर हसले नाहीत. ते रोज पहाटे गोदावरीच्या घाटावर जातात.

खरी अडचण कायद्याची नव्हतीच. लॉन्सची पावती ज्याच्या नावावर, तो आत्याचा धाकटा दीर. मुलीच्या लग्नाला सहा आठवडे झालेत. त्याच्याकडे पावती मागायची कोणत्या तोंडाने? "माझ्या पोरीच्या लग्नाची केस केली," हे सासरच्या मंडळींत जन्मभर ऐकावं लागेल. वकील समजावत होता की दावा मालकावर, फार तर केटररवर. दिराचा संबंध पावतीपुरता. सर म्हणाले, "हे तुझ्या कोर्टात ठीक. घरच्या कोर्टात नाही."

मी रात्री आत्याला फोन केला. तिला वाटलं प्लास्टरची चौकशी करतोय. नोटिशीचं सांगितल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या मापाच्या वहीत किती ब्लाउज परत दिले ते लिहिलंय. चालेल का ते?" तेवीस होते.

कॅमेऱ्याचं राहिलं. लॉन्सचं रेकॉर्डिंग पुसलं गेलंय असं तिथून कळलं. पहिल्याच आठवड्यात लेखी मागायला हवं होतं, हे वकिलाने दोनदा ऐकवलं. पण लग्नाचा व्हिडिओवाला चारही पंगतींत फिरत होता. त्याचा नंबर मिळवला.

"आहे ना साहेब," तो म्हणाला. "बेसिनकडचा पण आहे, पाणी दिसतंय. पण अल्बमचे अठरा हजार बाकी आहेत. तेवढे मुलीच्या वडिलांना सांगा ना तुम्हीच."