टॉवेल किती वर्षं टिकतो?

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या सोशल पॉलिसी रिसर्च सेंटरच्या वर्धापनदिनाचा तुमचा लेख आवडला. १९८० साली सुरू झालं तेव्हा नाव वेगळं होतं, सोशल वेल्फेअर रिसर्च सेंटर. १९९० पासून आत्ताचं. लेखात संचालक, इमारती, समारंभ सगळं आलं, पण मुख्य काम एका ओळीत उरकलंत राव!

त्यांचं 'बजेट स्टँडर्ड्स' बघा, म्हणजे साधं घर चालवायला किती पैसे लागतात याचा हिशेब. गरिबी म्हणजे अमुक टक्के उत्पन्न, असं म्हणून ते थांबले नाहीत. चक्क वाणसामानाची यादी केली. टॉवेल किती, तो किती वर्षं टिकतो, दुकानात भाव काय, तो भाव टिकण्याच्या आठवड्यांनी भागा, की आला आठवड्याचा खर्च. आमची आई महिन्याच्या एक तारखेला हेच करायची, फक्त पाठकोऱ्या कागदावर. (घरभाड्याचा आकडा मात्र सिडनीत कुठल्याच यादीत मावत नाही, ते सोडा.)

तिथलेच संशोधक पीटर सॉन्डर्स आणि मेगन बेडफर्ड यांनी २०१७ मध्ये हा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा ऑस्ट्रेलियातला बेकारभत्ता त्या खर्चाला पुरत नव्हता. भत्ता किती असावा हा सरकारी वाद त्या टॉवेलपाशी येऊन अडतो. त्यावर स्वतंत्र लेख लिहाच.