तो नकाशा कृष्णेचा नाही

साताऱ्यातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक पिवळट पडलेला इंग्रजी नकाशा फिरतोय. सोबतचा मजकूर असा: ‘इंग्रजांची जहाजं कृष्णेतून थेट संगम माहुलीपर्यंत यायची. वरचा किल्ला अजिंक्यतारा. आकडे म्हणजे पुरलेल्या खजिन्याच्या खुणा.’

फोटो जरा मोठा करून बघा. किल्ल्याशेजारी ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असं बारीक अक्षरांत छापलंय. हे कोकणात सावित्रीच्या मुखाशी असलेल्या बाणकोटच्या किल्ल्याचं इंग्रजी नाव, १७५५ साली तो इंग्रजांनी घेतला तेव्हाचं. म्हणजे नदी सावित्री, आणि चित्रात आहे ते तिचं मुख. सावित्रीचा उगमही आपल्याच महाबळेश्वरचा, गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा. पण ती पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते, तर कृष्णा पूर्वेला पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. माहुलीला जहाज आणायचं तर आधी अख्खा दख्खन ओलांडावा लागेल!

आता आकडे. ती पाण्याची खोली, वावांत मोजलेली. एक वाव म्हणजे सहा फूट. दोरीला शिशाचं वजन बांधून खलाशी ते तळाला सोडायचे. वजनाच्या बुडाला खळगा असे, त्यात चरबी भरलेली. तिला वाळू, चिखल, शिंपले जे चिकटून येईल त्याचं आद्याक्षर नकाशावर आकड्याजवळ टाकायचे. नांगर कुठे धरेल हे त्यावरून कळे. ठिपक्यांची रेघ दिसते ती उथळ वाळूच्या दांड्याची, जहाज रुतायची जागा.

खजिना शोधायला कुदळ घेऊन माहुलीच्या घाटावर जाऊ नका, एवढंच.