सामायिक डेटाबेस आणि ‘रिपेअर’चा फसवा दिलासा

इंदूरमधील लहान कार्यालयांचे संगणक सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींच्या व्हॉट्सॲप समूहांत सध्या एक संदेश फिरतो आहे: “नेटवर्कवरचा ॲक्सेसचा डेटाबेस बिघडला तर घाबरू नका. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर चालवा, सगळा डेटा परत येतो. फाइल उघडत नसेल तर लॉक फाइल उडवून टाका. पाचपेक्षा जास्त लोक बसले की ॲक्सेस बिघडणारच. आणि फाइल वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवली की बॅकअपची चिंता मिटली.” ॲक्सेस हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्रॅम, ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ ही त्यातील दुरुस्तीची आज्ञा, लॉक फाइल म्हणजे डेटाबेस उघडा असताना त्याच्या शेजारी आपोआप तयार होणारी छोटी फाइल आणि वनड्राइव्ह ही फाइली इंटरनेटवर साठवणारी सेवा. सियागंजातील घाऊक दुकानांपासून पतसंस्थांपर्यंत अनेकांचे रोजचे हिशेब अशा एका फाइलवर चालतात. हा सल्ला मानून काहींनी नोंदी गमावलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

त्यासाठी फाइल मुळात बिघडते कशी, हे समजून घ्यावे लागेल. ॲक्सेसच्या सामायिक फाइलमागे सर्व्हरवर डेटाबेस चालवणारा कोणताही प्रोग्रॅम नसतो; सर्व्हर फक्त फाइल सांभाळतो आणि प्रत्येक ऑपरेटरचा संगणक त्या फाइलची ४ केबीची पाने (ठरावीक आकाराचे तुकडे) नेटवर्कवरून स्वतःकडे आणतो, बदलतो आणि परत लिहितो. एक पावती नोंदवायची तरी टेबलच्या पानावर, इंडेक्सच्या (नोंदी चटकन शोधण्यासाठीच्या सूचीच्या) पानावर आणि कधी लांब मजकुराच्या वेगळ्या पानावर लिहावे लागते. यातील निम्मे लिहून झाल्यावर केबल सुटली, लाइट गेली किंवा कोणी टास्क मॅनेजरमधून ॲक्सेस बंद केले, तर उरलेले काम पूर्ण करणारे किंवा झालेले मागे घेणारे कोणी उरत नाही. सर्व्हरवरच चालणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये ऑपरेटरची केबल तुटली, तरी सर्व्हर स्वतःच्या लॉगच्या (बदलांच्या नोंदवहीच्या) आधारे अर्धवट व्यवहार मागे घेतो. ॲक्सेसच्या फाइलला ही सोय नाही.

आता संदेशातील पहिले विधान. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर जुनी फाइल जागच्या जागी दुरुस्त करत नाही. ते नवी फाइल तयार करते आणि जे वाचता येते ते तिच्यात उतरवते. जे वाचता येत नाही ते गळून पडते. काही वेळा अडचणींची नोंद ‘एमसिसकॉम्पॅक्टएरर्स’ नावाच्या टेबलमध्ये होते, पण ते टेबल उघडून पाहणारा ऑपरेटर मला क्वचितच भेटला आहे. त्याहून घातक प्रकार इंडेक्सचा आहे. प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीचा क्रमांक एकमेव ठेवणारा इंडेक्स, पुन्हा बांधता आली नाही तर ती नव्या फाइलमधून नाहीशी होऊ शकते. फाइल नीट उघडते, सगळे निश्चिंत होतात आणि त्यानंतर एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या बिनबोभाट आत जाऊ लागतात. म्हणून रिपेअर करण्यापूर्वी सर्वांना बाहेर काढावे, बिघडलेल्या फाइलची प्रत वेगळी ठेवावी, दुरुस्ती स्वतःच्या संगणकावरील प्रतीवर करावी आणि नंतर प्रत्येक टेबलमधील नोंदींची संख्या, कीज व रिलेशनशिप्स (टेबलांमधील जोडण्या) आदल्या बॅकअपशी ताडून पाहाव्यात. मुख्य म्हणजे, हे सगळे नीट पार पडले तरी बिघाडाचे कारण जिथे होते तिथेच असते.

लॉक फाइल उडवण्याचा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. आत कोण कोण आले, याची संगणकांची नावे तिच्यात असतात. बिघाडानंतर हाती लागणारा तो पहिला पुरावा असतो आणि तोच पुसायला हा संदेश सांगतो. एक सावधगिरी मात्र हवी: बाहेर पडलेल्या संगणकाचे नाव त्या फाइलमधून लगेच पुसले जात नाही, त्यामुळे नुसती नावे वाचून कोणावर ठपका ठेवू नये. ॲक्सेसच्या इंजिनकडून एडीओ या प्रोग्रॅमिंगच्या साधनामार्फत वापरकर्त्यांची यादी मागता येते आणि त्या यादीत ‘सस्पेक्ट स्टेट’ नावाचा रकाना असतो. डेटाबेस संशयास्पद अवस्थेत कोणी सोडला, हे त्यावरून कळू शकते.

गेल्या पावसाळ्यात एका कार्यालयात दोन आठवड्यांत तीनदा फाइल बिघडली. तिन्ही वेळा रिपेअर झाले आणि तिन्ही वेळा लॉक फाइल उडवली गेली. मी तेथील मुख्य फॉर्मवर ही यादी दाखवणारे एक बटण बसवले आणि लॉक फाइलला कोणी हात लावू नये, असे बजावले. चौथ्या वेळी संशयाची खूण हिशेबनिसांच्या लॅपटॉपसमोर दिसली. तो वायफायवर होता आणि दुपारी जेवायला जाताना फॉर्म उघडा ठेवूनच त्याचे झाकण बंद केले जाई. लॅपटॉप झोपला की जोडणी तुटे. त्याला केबल जोडली, स्लीप बंद केली आणि त्यानंतर तेथे फाइल बिघडलेली नाही. सर्व संगणक नवे घेण्याची तयारी झाली होती, तो खर्च टळला.

पाच लोकांची मर्यादा कुठून आली, हे मला उमगत नाही. मायक्रोसॉफ्टने दिलेली मर्यादा एका वेळी २५५ वापरकर्त्यांची आहे. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी काम मंदावते, हे खरे. पण मंदावणे आणि बिघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१८ मध्ये विंडोज १० ची १८०३ ही आवृत्ती आल्यावर वर्षानुवर्षे नीट चालणाऱ्या फाइली ‘इनकन्सिस्टंट स्टेट’ (विसंगत अवस्था) असा संदेश देऊ लागल्या. कारण एसएमबी या फाइल शेअरिंगच्या पद्धतीतील ‘लीजिंग’मध्ये (फाइलचा भाग आपल्याच संगणकावर तात्पुरता धरून ठेवण्याच्या मुभेत) होते आणि फाइल ठेवलेल्या संगणकावर ते बंद करणे हा तेव्हाचा तात्पुरता उपाय होता. तेथे माणसे कमी करून काहीही साधले नसते. माणसे मोजण्याऐवजी सर्वांनी एकच फाइल थेट उघडण्याची सवय मोडावी: टेबल्स सर्व्हरवर आणि फॉर्म व रिपोर्ट असलेली वेगळी फाइल प्रत्येकाच्या संगणकावर, अशी विभागणी करावी.

वनड्राइव्हबद्दल थोडक्यात. ते फाइलच्या पातळीवर सिंक करते, म्हणजे संगणकावरील आणि इंटरनेटवरील प्रती जुळवते; एकेका नोंदीची त्याला जाण नसते. एक ऑपरेटर लिहीत असताना दुसऱ्याला रोखण्यासाठी ॲक्सेस पानांना लावते ती कुलुपे त्याला कळत नाहीत. दोन संगणकांनी आपापल्या प्रतीत नोंदी केल्या तर एकाच्या नोंदी दुसऱ्यात मिसळल्या जात नाहीत. शिवाय बिघडलेली फाइलही तितक्याच तत्परतेने वर जाते. बॅकअप म्हणजे संध्याकाळी सर्व बाहेर पडल्यावर, लॉक फाइल आपोआप नाहीशी झाल्याची खात्री करून घेतलेली, नावात तारीख असलेली प्रत. आणि अशा प्रतींपैकी एखादी दर आठवड्याला उघडून शेवटची पावती तिच्यात सापडते का, हे पाहिले पाहिजे.