‘डेंग्यू निगेटिव्ह’ रिपोर्टबद्दल

नमस्कार ताई,

लॅब माझी आहे आणि वडिलांच्या रिपोर्टवर सहीही माझीच आहे, म्हणून उत्तर मीच देतेय. तुम्ही लिहिलंय की सोमवारी आमच्याकडे डेंग्यू निगेटिव्ह आला, मंगळवारी हॉस्पिटलमध्ये पॉझिटिव्ह निघाला, प्लेटलेट ९२ हजारांवरून ५४ हजारांवर आल्या, तेव्हा या लॅबच्या कुठल्याच रिपोर्टवर विश्वास ठेवू नका. काल फोनवर तुम्ही परवानगी दिलीत, म्हणूनच तपासणीचा तपशील इथे मांडतेय.

डेंग्यूसाठी चिठ्ठीवर फक्त ‘एनएस-१’ होतं, डेंग्यूची तेवढीच तपासणी आम्ही केली. एनएस-१ हे डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन. ताप आल्यापासून पहिले चार-पाच दिवस ते रक्तात चांगलं सापडतं, मग कमी होत जातं. आधी कधी डेंग्यू होऊन गेला असेल तर आणखी लवकर दिसेनासं होतं. वडिलांच्या तापाचा तो सहावा दिवस होता. अशा वेळी एनएस-१ च्या जोडीला आयजीएम बघायलाच हवं, कारण ती अँटीबॉडी साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून मिळू लागते.

एनएस-१ चं टेस्ट कार्ड मी स्वतः पाहिलं होतं. कार्ड नीट चालल्याचं दाखवणारी कंट्रोलची रेघ ठळक उमटली होती, टेस्टची जागा वीस मिनिटांनंतरही कोरीच होती. त्यामुळे कार्ड खराब होतं असं मी म्हणणार नाही. पण तुमचा फोन ठेवल्यावर वडिलांचा फॉर्म काढला. ‘ताप किती दिवसांपासून?’ हा रकाना त्यावर रिकामा होता. कोणी विचारलंच नाही आणि सही करताना मीही ते बघितलं नाही. बघितलं असतं तर डॉक्टरांना फोन करून त्याच रक्तावर आयजीएम लावता आलं असतं. उरलेला सीरम, म्हणजे रक्तातला द्रव भाग, फ्रीजमध्ये होता, त्यावर काल संध्याकाळी आयजीएमची एलायझा ही तपासणी लावली. पॉझिटिव्ह आली. म्हणजे सोमवारीच निदान झालं असतं.

याहून जास्त मला लागलं ते काउंटरवरचं वाक्य: ‘निगेटिव्ह आहे, डेंग्यू नाही, टेन्शन घेऊ नका.’ त्या भरवशावर तुम्ही रात्रभर उलट्या आणि पोटदुखी घरीच काढलीत. ताप उतरला की घरच्यांना हायसं वाटतं, पण डेंग्यूत नेमके तेच एक-दोन दिवस जपायचे असतात. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त घट्ट होतं, बीपी पडतं, ते याच वेळी. ‘डेंग्यू नाही’ असं सांगायचा अधिकार काउंटरला नाही, नुसत्या एका कार्डावरून मलाही नाही. ताई, याबद्दल मी तुमची आणि वडिलांची मनापासून माफी मागते.

आमचा प्लेटलेटचा आकडाही चुकला, हे तुमचं म्हणणं मात्र मला मान्य नाही. आकडा एक लाखाच्या खाली आला की आम्ही स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, कारण कधी कधी ट्यूबमध्ये प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि मशीन त्या कमी मोजतं. वडिलांच्या स्लाइडवर गुठळ्या नव्हत्या. सोमवारी सकाळी ९२ हजार होत्या आणि मंगळवारी दुपारी ५४ हजार झाल्या. डेंग्यूत एका दिवसात एवढ्या उतरतात. दोन्ही आकडे खरे आहेत.

आजपासून तापाचा दिवस विचारल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही आणि तो रिपोर्टवर छापायचा, असं ठरवलंय. चौथ्या दिवसानंतर एनएस-१ निगेटिव्ह आलं, तर रिपोर्ट हातात द्यायच्या आधी मी डॉक्टरांशी बोलणार. काउंटरवरचा तो मुलगा कामाला नवा आहे. त्याला मी ओरडले नाही, शेजारी बसवून समजावलं. त्याला आधीच शिकवायचं काम माझं होतं.

सोमवारचे पैसे तुमच्या खात्यावर परत पाठवलेत. आता प्लेटलेट चढायला लागल्यात हे ऐकून बरं वाटलं. शुक्रवारी पुन्हा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, सांगितलाय ना? वडिलांना जिना उतरायला लावू नका. मी स्वतः सकाळी साडेसातला घरी येऊन रक्त घेईन, त्याचे पैसे नकोत. आणि तुम्हाला आमच्याकडे करायचाच नसेल तर तसं मोकळेपणानं सांगा, मला अजिबात राग येणार नाही.