पाणथळीवर रविवार कसा साजरा करावा

नेरुळच्या पाणथळीवर फ्लेमिंगो बघायला निघालात? छान. फक्त भरतीची वेळ बघून निघा. भरतीला ठाणे खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि बिचारे चरायचं सोडून इथल्या तळ्यांवर टेकायला येतात. तेव्हाच गाठा. जायला दुसरी जागा नसते त्यांना, त्यामुळे फोटो हमखास.

थवा नुसताच उभा असेल तर दगड मारा. एवढं पेट्रोल जाळून आलोय, उडायला नकोत?

कुत्र्याचा पट्टा सोडा. तो काहीच करत नाही.

आता मुख्य कार्यक्रम, प्री-वेडिंग. त्यासाठी एप्रिल उत्तम, कारण टिटव्यांची वीण मार्च ते ऑगस्ट चालते. टिटवी उघड्या जमिनीवर जरासा खळगा करून चारेक अंडी घालते. ती खड्यांत अशी मिसळून जातात की पाय पडला तरी 'दिसलंच नाही' म्हणायची सोय! परवा एक जोडपं आलं होतं. तिचा जमिनीवर लोळणारा गाऊन, त्याचा सूट (त्या उकाड्यात!), रंगीत धुराच्या नळ्या आणि डोक्यावर ड्रोन. टिटवी घिरट्या घालून कोकलत होती. फोटोग्राफर मलाच म्हणतो, "दादा, त्या पक्ष्याला जरा हाकला ना, व्हिडिओत आवाज येतोय." म्हटलं, तिची अंडी आहेत तिथे. तर म्हणे, "पाचच मिनिटं." ती पाच मिनिटं पाऊण तास चालली. उन्हात टिटवी पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. ही पण आली पोट भिजवून. ड्रोन बघून फिरली. पुन्हा आली, पुन्हा फिरली. तिकडे अंडी तापतायत आणि इकडे चाललंय, "सर, मॅडमकडे प्रेमाने बघा!"

प्रेमाने बघा म्हणे! अरे, लाज कशी वाटत नाही? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंडी-घरट्यांना त्रास देणं हीसुद्धा शिकारच धरलीय. शिकलेसवरलेले ना तुम्ही? नवी मुंबईत नाचायला जागा कमी पडली? सोसायटीची गच्ची आहे, हॉल आहेत, तिथे सोडा काय तो धूर. आणि तुम्ही कुत्रेवाले, हसू नका, तुम्हीही त्यातलेच.

पुढच्या रविवारी ड्रोन वर गेलेला दिसला की मी वनखात्याच्या १९२६वर फोन लावणार आहे. मग त्यांना सांगा, पाचच मिनिटं.