हुरूप आल्याशिवाय उठू नका

पहाटे साडेपाचला गजर झाला, तुम्ही तो गप्प केला आणि आता दात घासताना मनाला खातंय? कशासाठी? व्यायाम आतून यावा लागतो, कविता सुचते तसा. कवीला कुणी पहाटे गदागदा हलवून म्हणतं का, ऊठ, सहाच्या आत चार कडवी पाड? मग तुमच्याच गुडघ्यांवर ही जबरदस्ती का? आधी हुरूप येऊ द्या. आला की तो स्वतःच दार वाजवेल, तोवर पांघरूण सोडू नका. मी अकरा वर्षं त्याची वाट पाहतोय, म्हणून हे अधिकारवाणीने सांगतो.

वाट पाहताना अगदी रिकामं बसू नये, तयारी करावी. धावताना आधी टाच टेकावी की चवडा, यावर आडवं पडून चार व्हिडिओ पाहावेत आणि ठाम मत बनवावं. जिमची वर्गणी एकदम वर्षाची भरावी. पावती हातात आली की निम्मा व्यायाम झाल्यासारखं वाटतं आणि उरलेल्या निम्म्याची तितकीशी निकड राहत नाही. ही पद्धत माझ्या एकट्याची नाही. २००६ साली दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या काही जिमचे हिशेब प्रसिद्ध केले. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चारेक वेळा उगवत होते. म्हणजे एक खेप १७ डॉलरच्याही वर पडत होती, आणि त्याच जिममध्ये १० डॉलरला एक खेप पडेल असा पास मिळत होता. लोक याला नुकसान म्हणतात. मी श्रद्धा म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांकडून आठवड्याला किमान १५० मिनिटं मागते. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपत दमाची. आठवड्यात १०,०८० मिनिटं असतात. त्यातून १५० वजा केली की उरतात जेमतेम ९,९३०. एवढ्याशा शिल्लकीत माणसाने फोन कधी बघायचा?

रोज दहा हजार पावलांचा कुणी आग्रह धरलाच, तर त्याला सांगा की हा आकडा डॉक्टरांकडून आलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असा होता. तेव्हा दहा हजारांचा हट्ट धरायचं कारण नाही. त्याहून कमी पावलांनीही फायदा होतो असं अभ्यासक म्हणतात, पण ते वाक्य आपल्या कामाचं नाही. तिथे जरा खोकावं आणि विषय बदलावा.

आता खरा धोका. समजा, एखाद्या बेसावध सकाळी तुम्ही सुरुवात केली. घाबरू नका, चौथ्या दिवशी खंड पडेलच, आणि ‘आता सगळं मोडलंच’ या वाक्याने पुढचे आठ महिने निवांत जातात. वर्षानुवर्षं हे वाक्य माझ्या पाठीशी उभं होतं. मग लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१०चा अभ्यास माझ्या वाचनात आला. ९६ जणांना एकेक नवी सवय लावायला सांगितली होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असा त्यांचा हिशेब निघाला. कुणाला १८, कुणाला तब्बल २५४. इथवर ठीक होतं, २५४ हा आकडा तर मी लगेच पाठ केला. पण पुढे त्यांनी लिहून ठेवलंय की एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष फरक पडत नाही. इतकं निर्दय वाक्य संशोधकांनी छापायला नको होतं. माणसाने मग सबब सांगायची तरी काय?

दुसरा घाव कॅनडातून आला. २०११ सालच्या एका अभ्यासात दिसलं, की व्यायामात किती मजा येईल याचा अंदाज लोक आधी कमीच बांधतात, कारण डोळ्यांसमोर असतात ती फक्त सुरुवातीची नकोशी मिनिटं. प्रत्यक्षात तेवढी सरली की बरं वाटू लागतं. म्हणजे ज्याच्यासाठी आपण पांघरुणात ताटकळत बसलो, तो हुरूप तिकडे रस्त्याच्या पहिल्या वळणावर उभा! अकरा वर्षं! एका शब्दाने कळवता आलं नाही त्याला?

यावर उपाय एकच: ती पहिली मिनिटं कधीही पार होऊ देऊ नका. ‘फक्त पाच मिनिटं चल’ म्हणणाऱ्या मित्राला तर उंबऱ्याच्या आत घेऊच नका. आणि बूट दाराजवळ ठेवू नका. गेल्या महिन्यात कचरा टाकायला जाताना मी चुकून चपलांऐवजी बूट घातले. कचरा टाकला. मग पायांना काय वाटलं देव जाणे, कोपऱ्यापर्यंत गेले. तिथून परत फिरायचं तर त्यांनी लांबचा रस्ता धरला. पंचवीस मिनिटांनी घरी आलो तेव्हा मी चक्क गुणगुणत होतो. बायकोने विचारलं, ‘‘अहो, बरं वाटत नाहीये का?’’

त्यात आता लहानसहान हालचालींचंही भय आहे. सलग दहा मिनिटं झाली तरच व्यायाम धरायचा, ही जुनी अट आरोग्य संघटनेने २०२०च्या सूचनांत काढून टाकली. जिना चढलात, मोजला. धावत बस पकडलीत, मोजली.

म्हणून त्या सकाळनंतर मी बूट थेट माळ्यावर टाकले. त्यासाठी स्टुलावर चढलो, जागा नव्हती म्हणून उतरलो, खोकी सरकवायला पुन्हा चढलो, एक खोकं खाली आणलं, ते परत वर चढवलं. चांगली धाप लागली. ती कृपया कुठे धरू नका.