सिकल म्हणजे ‘सिक’ नव्हे, विळा

रविवारी सकाळी मावशीचा फॉरवर्ड आला. खाली एवढंच लिहिलेलं : ‘हे खरं का रे? त्यांना नाही म्हणून कळवू का?’ ‘त्यांना’ म्हणजे मुलाकडच्यांना. मावसबहिणीचं लग्न जुळत आलंय आणि तिच्या सिकलसेल कार्डावर ‘एएस’ लिहिलंय. सिकलसेल हा आईबापांच्या जनुकांतून येणारा रक्ताचा आजार, आणि हे त्याच्या तपासणीचं कार्ड.

फॉरवर्डचं म्हणणं असं : सिकल हा शब्द इंग्रजी ‘सिक’वरून आला, म्हणून सिकलसेल म्हणजे आजारी रक्त. तो फक्त आदिवासींना होतो. उष्ट्यातून पसरतो. एएस मुलीची सगळी मुलं रोगी निघतात. बीट आणि गुळवेल घेतल्याने २१ दिवसांत मुळापासून जातो. शेवटी हात जोडलेल्या इमोजींची रांग.

आधी शब्द, कारण सगळी घाण तिथूनच निघते. इंग्रजीत सिकल म्हणजे विळा. मावशीच्या पडवीत खुंटीला अडकवलेला असतो, धान कापायचा, बाकदार पात्याचा, तोच. शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या ‘सेकारे’त, म्हणजे कापणे. ‘सेक्शन’ही त्याच घरचा. ‘सिक’ हा वेगळा, जुना जर्मानिक शब्द. दोघांचं नातं उच्चारापुरतं, ‘विळा’ आणि ‘विडा’ यांच्याइतकंच. ग्रुपवरच्या एका काकांनी तर ‘हा शब्द आपल्या शिकलगारावरून गेला’ असंही ठोकून दिलं. शिकलगार आला ‘सैकल’वरून, अरबी-फारसीतून, अर्थ झिलई, धार. तोही योगायोगच.

आणि नाव पडलं कसं, याचा कागदच आहे. १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तावर निबंध छापला. त्याच्या शीर्षकातच ‘विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी’ असे शब्द आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते लिहिलं. एरवी गोल असणारी पेशी लांबट होऊन वाकलेली, दोन्ही टोकं निमुळती. हे पेशीच्या आकाराचं वर्णन आहे, माणसावर मारलेला शिक्का नाही. हा रुग्ण कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण होता. म्हणजे ‘फक्त आदिवासींना’ हेही त्याच कागदावर फुटतं.

इथे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. आपल्याकडे अनेक आदिवासी समाजांत याचं प्रमाण जास्त आहे. पण विदर्भात अनुसूचित जातींत आणि ओबीसींतही तो आहे, ग्रीस आणि सौदीतही आहे. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या राहिला तिथे हा गुण टिकला, कारण वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. संशोधक अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्येच हे दाखवलं होतं.

उष्ट्यातून पसरतो म्हणे! जनुकं ताटातून सांडत नाहीत. पुढे.

आता लग्न, ज्यासाठी हे लिहायला बसलो. एएस म्हणजे वाहक. एक जनुक साधं, एक सिकलचं. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. बहीण रोज बारा किलोमीटर सायकल हाणते. मुलगा एए, म्हणजे दोन्ही जनुकं साधी असलेला, निघाला आणि थॅलेसेमियासारख्या दुसऱ्या दोषाचाही वाहक नसला, तर यांच्या एकाही बाळाला हा आजार होणार नाही. बाळ वाहक असण्याची शक्यता निम्मी, बस. मुलगाही एएस असेल तर मात्र दर गरोदरपणी एसएस, म्हणजे दोन्ही जनुकं सिकलची असलेल्या आजारी बाळाची शक्यता २५ टक्के. दर वेळी नव्याने; पहिलं एसएस झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशोब नसतो. तेव्हा समुपदेशन हवं, गर्भाच्या तपासणीचीही सोय असते. पण फॉरवर्डमध्ये मुलाच्या रक्ताचा उल्लेखच नाही. दोष सगळा मुलीच्या कार्डावर! मुलाकडे कार्डच नाही, म्हणून तो निर्दोष?

बीट खुशाल खा. पण त्यापायी एसएस रुग्णाने हायड्रॉक्सियुरिया हे या आजारावरचं औषध बंद केलं तर कळा येऊन दवाखाना गाठायची वेळ येते. आणि ‘रक्त कमी आहे’ म्हणून तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्याही घेऊ नयेत. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात लोह आधीच साचलेलं असू शकतं.

मावशीला फोन केला. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘मग आता त्यांना काय कळवू?’ म्हटलं, नाही कळवू नकोस, मुलाचा पॅटर्न विचार, रक्त एए की एएस ते. ती म्हणाली, ‘असं मुलाकडच्यांना विचारतात का रे?’ मागून बहिणीचा आवाज आला, ‘आण फोन, मीच विचारते.’